कापलेला पत्ता

शिरड शहापुरातून कुणी परदेशी निघालं की बॅग भरायला माणसं कमी पडत नाहीत. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत आणि औंढा नागनाथ यांच्या मधल्या रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे माहीत असतं आणि आसपासचा मुलूख हळदीमुळे. मुलगा डॉक्टरकीच्या शिक्षणाला किर्गिझस्तानात चाललेला असो, मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला किंवा घरातला कर्ता माणूस दुबईच्या एखाद्या साइटवर. बॅगेत काय जायचं ते साधारण ठरलेलं असतं. घरची हळद, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सुंठ, ओवा, एक कैलास जीवन. सगळं कोंबून झालं, कुणीतरी बॅगेवर बसलं, चेन अर्धी लागली, की मग आठवतात त्या गोळ्या.

‘तिकडं डॉक्टर लई महाग,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि धाकट्याला मेडिकलवर पिटाळलं जातं. तापाच्या दहा, सर्दीच्या दहा, जुलाबाच्या सहा, पित्ताच्या पंधरा. दुकानदार खोक्यातून पाकिटं काढतो, कात्री घेतो आणि पंधराच्या पत्त्यातून दहा गोळ्या मोजून कापतो. तुकडे कागदी पुडीत, पुडीवर पेनाने ‘ताप’, ‘सर्दी’. बिल कुणी मागत नाही, दुकानदारही देत नाही. घरी आल्यावर आई त्या पुड्या स्टीलच्या छोट्या डब्यात भरते, कारण कागद फाटतो.

औषधाच्या दृष्टीने सगळा घोटाळा या पाच मिनिटांत होऊन गेलेला असतो.

मराठीत ‘पत्ता’ म्हणजे ठावठिकाणा आणि ‘पत्ता’ म्हणजे गोळ्यांची स्ट्रिपसुद्धा. औषधाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच आहेत. त्या चकाकत्या पट्टीच्या पाठीवर औषधाचं नाव, त्यातल्या घटकाचं प्रमाण, बनवणाऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. बॅच आणि मुदत बहुधा एकाच टोकाला उमटवलेली असते. कात्री फिरली की ते टोक दुकानातच राहतं आणि प्रवासाला जातात त्या नुसत्या दहा पांढऱ्या चकत्या. २०१८पासून भारतात एकच घटक असलेल्या औषधांवर मूळ शास्त्रीय नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन आकार मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. ऑगस्ट २०२३पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडांवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे. सरकारने पत्त्यावर इतकं छापून घेतलं, आणि ते वाचायच्या आत कात्री चालते.

गावात यामुळे काही अडत नाही. तिथे गोळी रंगावरून ओळखली जाते. ‘बाबांची गुलाबी’, ‘आजीची अर्धी’, ‘जेवणाआधीची बारकी’. अशी ओळख घराच्या उंबऱ्याआत बिनचूक चालते. विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्यापुढे मात्र स्टीलचा डबा उघडला गेला की त्यात फक्त अनोळखी गोळ्या असतात, आणि त्या कशाच्या आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी डबा आणणाऱ्यावर येते.

अमेरिकेतल्या औषध दुकानातून मिळणाऱ्या नारिंगी बाटलीवर रुग्णाचं नाव चिकटवलेलं असतं. भारतातल्या पत्त्यावर ते नसतं. म्हणून हे औषध या माणसाचंच, हे सांगणारे कागद दोनच उरतात: डॉक्टरची चिठ्ठी आणि पक्कं बिल. औषधविक्रीच्या नियमांप्रमाणे चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या बिलावर किंवा नोंदवहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, बॅच आणि मुदत यायला हवी. म्हणजे जे बिल ‘कशाला उगाच’ म्हणून टाळलं जातं, त्यावर नेमकी तीच माहिती असते जी परदेशात विचारली जाते. चिठ्ठीचंही तसंच. औषधं शास्त्रीय नावाने, वाचता येईल अशी आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, ही दुरुस्ती तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने सप्टेंबर २०१६मध्ये आपल्या नियमांत केली होती. प्रत्यक्षात गावच्या डॉक्टरची अक्षरं समोरच्या मेडिकलवाल्यालाच लागतात. अशी चिठ्ठी टोकियोत दाखवून काय उपयोग?

शास्त्रीय नावाचा आग्रह कशासाठी, हे कळायला सर्वात साधी गोळी घ्यावी. तापावरची जी गोळी भारतात क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल अशा नावांनी मिळते, तिचं मूळ नाव पॅरासिटामॉल. अमेरिकेत पॅरासिटामॉल मागितलं तर दुकानदार गोंधळतो, कारण तिथे त्याच रसायनाला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल या नावाने खपतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. इथे निदान औषध एकच असून नावं दोन आहेत. उलटा प्रकार जास्त घातक असतो. नाव एक आणि आत निराळंच. फ्लोमॅक्स हे अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरचं औषध. इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं वेगळंच औषध विकलं जात होतं. डिलाकोर अमेरिकेत रक्तदाबासाठी दिलं जाई, सर्बियात त्याच नावाच्या गोळीत हृदयविकारावरचं डिगॉक्सिन असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६मध्ये प्रवाशांना याबद्दल मुद्दाम सावध केलं होतं.

नावाच्या या फसवणुकीचा सर्वात प्रसिद्ध बळी प्रवासी नव्हता, खेळाडू होता. स्कॉटलंडचा ॲलन बॅक्स्टर २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम या बर्फावरच्या शर्यतीत तिसरा आला आणि ब्राँझ पदकाचा मानकरी ठरला. नाक चोंदलं म्हणून त्याने अमेरिकेत दुकानातून व्हिक्सचा इनहेलर घेतला होता. घरी वापरायचा तसाच. पण ब्रिटनमधल्या इनहेलरमध्ये नव्हतं ते लेव्हमेटॅम्फेटामिन अमेरिकी इनहेलरमध्ये होतं. उत्तेजकाच्या चाचणीत ते सापडलं आणि पदक परत गेलं. कंपनी एक, नाव एक, नळी तीच.

एक काळ असा होता की यातलं काहीच कुणी विचारत नव्हतं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, त्याआधीच त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी श्वास लागणं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंविषयीचा मजकूर वाचला तो दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत असताना, एका मिशनरी मासिकात. या बाईंनी अमेरिकेतून आनंदीबाईंना औषधं पाठवली होती. गुण काही आला नाही. म्हणजे मराठी माणसाच्या परदेशगमनाच्या या गाजलेल्या कथेत औषधांनी समुद्र ओलांडला तो उलट्या दिशेने, आणि वाटेत त्यांना कुणी अडवलं नाही. अडवायला कायदाच नव्हता. औषधात अफू, कोकेन, मद्य असेल तर ते लेबलवर छापा, ही सक्ती अमेरिकेत १९०६मध्ये आली. अफूच्या व्यापारावरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार हेग इथे झाला तो जानेवारी १९१२मध्ये. भारतात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१मध्ये बनावट आणि निकृष्ट औषधांच्या बाजाराचा धांडोळा घेतला आणि पुढे १९४०चा औषध कायदा झाला. पत्त्यावरचा एकेक शब्द असा दशकांनी मिळवलेला आहे.

आज बहुतेक देशांचे नियम दोन आंतरराष्ट्रीय करारांवर उभे आहेत: अमली द्रव्यांचा १९६१चा आणि मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांचा १९७१चा. पण करार एक असले तरी प्रत्येक देशाने त्यावर आपापलं कुंपण घातलं आहे, आणि ती कुंपणं सारख्या उंचीची नाहीत. मराठवाड्यातल्या घरांत सहज सापडणाऱ्या तीन प्रकारच्या औषधांना ती आडवी येतात. ‘झोपेची गोळी’ म्हणून रोज रात्री घेतली जाणारी अल्प्राझोलाम, कंबरदुखीवरची ट्रॅमाडॉल आणि खोकल्याचं कोडीन असलेलं औषध. भारतात ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८पासून अमली द्रव्यांच्या कायद्याखाली आहे. तरी घरातल्या माणसाला ती ‘कमरेची गोळी’च वाटते.

इजिप्तमध्ये २०१७च्या ऑक्टोबरात ब्रिटनहून आलेल्या एका स्त्रीच्या बॅगेत २९० ट्रॅमाडॉल गोळ्या सापडल्या. इजिप्शियन जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या, असं तिचं म्हणणं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यातलं एक वर्षाहून अधिक तिने भोगलं. जपानमध्ये जून २०१५मध्ये अटक झाली ती तर टोयोटा कंपनीच्या जनसंपर्क प्रमुख ज्युली हॅम्प यांना. अमेरिकेहून टपालाने आलेल्या पार्सलात ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या ५७ गोळ्या होत्या. तीन आठवडे कोठडीत गेले, खटला झाला नाही, पण नोकरी गेली. बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनरच्या सामानात फेब्रुवारी २०२२मध्ये मॉस्को विमानतळावर गांजाच्या अर्काच्या नळ्या मिळाल्या, एक ग्रॅमही नव्हता. ॲरिझोनातल्या डॉक्टरने तो वेदनेसाठी लिहून दिला होता. रशियन न्यायालयाने नऊ वर्षं सुनावली. डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. आपल्या डॉक्टरची चिठ्ठी आवश्यक असते हे खरं, पण जिथे ते द्रव्यच बेकायदा आहे तिथे ती चिठ्ठी म्हणजे कबुलीजबाब ठरते.

जपानचा उल्लेख आलाच आहे तर तिथला हिशेब पाहण्यासारखा आहे, कारण तो कोड्यासारखा काटेकोर आहे. चिठ्ठीवरची साधी औषधं एक महिन्याची, दुकानातून सहज मिळणारी दोन महिन्यांची. त्याहून जास्त हवी तर आधी अर्ज करून आयातीचा दाखला घ्यायचा. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती नेता येत नाही. लक्ष एकाग्र होत नाही म्हणून अमेरिकेत सर्रास दिली जाणारी ॲडरॉल तिथे पूर्ण बंद, डॉक्टरचं पत्र असलं तरी. ऑस्ट्रेलिया त्या मानाने सरळ: तीन महिन्यांचा साठा, मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह, आणि उतरण्याआधीच्या फॉर्मवर ‘औषधं आहेत’ ही खूण केलेली. कॅनडाही नव्वद दिवसांवर थांबतो. अमेरिकेचा प्रकार आपल्याकडच्या तलाठी कार्यालयासारखा आहे. तिथे मान्यता नसलेलं औषध आणणं नियमाने चुकीचंच, पण स्वतःपुरतं, साधारण तीन महिन्यांचं असेल तर अधिकारी सहसा सोडतात. ‘सहसा’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी निघण्याआधीच ऑनलाइन परवानगी घेण्याची सोय आहे आणि कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम या साऱ्यांवर तिथे बारीक नजर असते. दुबईच्या साइटवर निघालेल्याच्या डब्यात नेमकी ‘कमरेची गोळी’ असते, ही काळजीची गोष्ट.

आखाती देशांच्या यादीत एक पदार्थ असा आहे की तो औषध नाहीच. खसखस. अफूच्याच बोंडातलं हे बी अमिरातीत आणि सिंगापुरातही चालत नाही. हजला निघालेल्यांनाही ती सोबत न नेण्याविषयी सांगितलं जातं. दिवाळीनंतर निघालेल्या माणसाच्या बॅगेत अनारसे असणार आणि अनारशाला एका अंगाने खसखस असणारच. अनारशाला मादक म्हणणं हा त्याचा अपमान आहे, पण कुत्र्याच्या नाकाला आणि प्रयोगशाळेच्या यंत्राला दिवाळी कळत नाही.

याच ओघात दुसऱ्याने दिलेल्या पुडीचंही सांगून टाकायला हवं. ‘आमच्या पोराला एवढं औषध द्या हो’ हे वाक्य प्रत्येक प्रवाशाने ऐकलेलं असतं. जुलै २०१९मध्ये मुंबईचं एक दाम्पत्य कतारला फिरायला गेलं. सहलीचा खर्च नात्यातल्या एका बाईंनी केलेला आणि सोबत एक पाकीट दिलेलं, त्यात जर्दा आहे असं सांगून. दोहा विमानतळावर त्यातून चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, मुलगी तुरुंगात जन्मली. भारतातल्या अमली द्रव्य नियंत्रण विभागाने केलेल्या तपासातून ते फसवले गेल्याचं पुढे आलं आणि एप्रिल २०२१मध्ये कुटुंब मुंबईला परतलं. नात्यातल्या माणसाने दिलेलं पाकीट उघडून बघणं आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात.

तुरुंगाच्या गोष्टी वाचायला चटकदार असल्या तरी बहुतेक मराठी कुटुंबांची अडचण साधी आणि रोजची असते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेले आईवडील, दोघांच्या मिळून नऊ गोळ्या, आणि संपल्या तर तिथे मिळतील का, हा प्रश्न. उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असतं. भारतात बीपीसाठी सर्रास लिहिली जाणारी सिल्निडिपिन अमेरिकेत विकायला नाहीच. शुगरसाठी दिली जाणारी व्होग्लिबोज नाही, टेनेलिग्लिप्टिन नाही, व्हिल्डाग्लिप्टिन युरोपात आहे पण अमेरिकेत नाही. गुडघेदुखीची ॲसिक्लोफेनॅक नाही, एटोरिकॉक्सिब ब्रिटनमध्ये मिळते, अमेरिकेत नाही. पित्ताच्या गोळीत पँटोप्राझोलबरोबर येणारं डॉम्पेरिडोन अमेरिकेत मान्यच झालेलं नाही. निमेसुलाइडला तर अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांनी कधी दारात उभं केलं नाही. रॅनिटिडिन एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढायला लावली, इथे ती अजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

यात ही औषधं वाईट आणि ती चांगली, असा सरळ निवाडा नाही. काहींना खरोखर धोका दिसला म्हणून नाकारलं, काहींच्या कंपन्यांनी त्या देशात अर्जच केला नाही. भर घालते ती भारताची एकत्रित गोळ्यांची आवड. एका गोळीत दोन, तीन, कधी चार औषधं कोंबलेली. केंद्र सरकारने मार्च २०१६मध्ये अशा ३४४ आणि ऑगस्ट २०२४मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी घातली, तरी बाजारात उरलेली काही थोडी नाहीत. अशी ‘थ्री-इन-वन’ गोळी परदेशातल्या डॉक्टरपुढे ठेवली की त्याला ती आधी सुटी करावी लागते. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, त्याला आपल्याकडे पर्याय काय. हे सोडवायला ती गोळी बनवणाऱ्यांनी छापलेला मागचा मजकूर हवा. जो कात्रीखाली गेला.

म्हणून निघण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरकडे एक फेरी उपयोगी पडते. शेवटच्या संध्याकाळची मेडिकलवरची फेरी ते काम करत नाही. ‘तिथे मिळेल असं काही देता येईल का’ हा प्रश्न डॉक्टरला आधी विचारला तर गोळी इथेच बदलून, दोन-चार आठवडे तिचा परिणाम पाहून निघता येतं. थायरॉइडच्या माणसाने ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा नीट बसली की नाही ते पाहावं लागतं. हे इंग्लंडात पोचल्यावर करायचं तर आधी तिथल्या सरकारी व्यवस्थेत नाव नोंदवा, मग डॉक्टरची वेळ घ्या. त्या व्यवस्थेसाठी व्हिसाबरोबरच वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्याला ७७६ पौंड भरून झालेले असतात. तरी नंबर लागेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या जवळ हव्यातच. आईवडील फक्त पाहुणे म्हणून गेले असतील तर त्यांना हाही आधार नाही.

साठा किती न्यावा यावर २०२०च्या कोविडने एक धडा दिला होता. २२ मार्चला भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं थांबली तेव्हा नातवंडांना भेटायला गेलेले असंख्य आजी-आजोबा अमेरिकेत, आखातात अडकले. ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमानं ७ मेला निघाली, आणि जागा मिळायला अनेकांना त्यानंतरही महिने लागले. मोजून आणलेल्या गोळ्या मधेच संपल्या. ज्यांच्या फाइलमध्ये शास्त्रीय नावांची यादी होती त्यांना तिथल्या डॉक्टरशी फोनवरसुद्धा बोलता आलं. ज्यांच्याकडे नव्हती ते गावाकडे व्हिडिओ कॉल लावून ‘ती कपाटातली चिठ्ठी जरा कॅमेऱ्यापुढे धर’ म्हणत होते.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी, कारण त्याला कागदाबरोबर हवामानही सांभाळावं लागतं. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. वापरात आलेली बहुतेक इन्सुलिनं तीस अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात. उन्हाची भीती सगळ्यांना असते. गारठ्याची कुणाला नसते, आणि खरा दगा गारठा देतो. विमानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेत इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वितळल्यावर दिसतं पाण्यासारखंच, पण भरवशाचं राहत नाही. म्हणून ते हातातल्या पिशवीतच हवं. द्रव पदार्थांवरचा शंभर मिलिलिटरचा नियम ऑगस्ट २००६मध्ये लंडनमधला विमानं उडवण्याचा कट उघड झाल्यावर आला. गरजेच्या औषधांना त्यातून सूट आहे, मात्र ती तपासणीच्या वेळी वेगळी काढून दाखवायची, चिठ्ठी जोडून.

उन्हाच्या बाबतीत हिंगोलीकरांना एक गंमत वाटेल. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत फ्रिज नाहीत आणि पारा दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होतो. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने त्या तापमानात इन्सुलिन चार आठवडे ठेवून तपासलं, तर त्याची ताकद टिकून होती. २०२१मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी इन्सुलिन थोडं गार ठेवायला वापरतात ते मातीचं भांडं. एका मडक्यात दुसरं, मधे ओली वाळू. मे महिन्यात लाइट गेल्यावर शिरड शहापुरातल्या एखाद्या घरी इन्सुलिनची कुपी माठाशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवलेली दिसली तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही.

आता उरली ती दुसरी पिशवी, जिला घरातलं कुणी औषध म्हणत नाही. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, बाळगुटीचं सामान, एखाद्या वैद्याच्या बिनलेबलच्या पुड्या, होमिओपॅथीच्या सारख्याच दिसणाऱ्या साखरगोळ्या. तपासणीत सगळ्यात जास्त प्रश्न इथे येतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात बिया, मुळ्या, साली या औषध नसून शेतीला धोका. न सांगता नेल्या तर दंड. काष्ठौषधींचं ठीक, पण सर्दीतापावर मराठी घरांत हमखास असणाऱ्या त्रिभुवनकीर्तीत हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग असतं आणि आरोग्यवर्धिनीत शुद्ध केलेला पारा. परदेशातली प्रयोगशाळा ‘शुद्ध केलेला’ हे विशेषण मोजत नाही, पारा मोजते. रॉबर्ट सेपर या डॉक्टरच्या चमूने बॉस्टनच्या परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली. त्यातल्या १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हा अहवाल २००४चा. चार वर्षांनी इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांत प्रमाण जवळपास तेवढंच, साधारण पाचात एक, आणि रसौषधींमध्ये ते इतर उत्पादनांच्या दुपटीहून जास्त. आयुर्वेदावर विश्वास असो नसो, गरोदर सून किंवा लहान मूल ज्या घरी आहे तिथे बिनलेबलची पुडी पाठवू नये, इतकं तरी या आकड्यांवरून म्हणता येतं.

आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिच्याशिवाय या भागातली बॅग भरली जात नाही. खोकल्याला दुधातून, जखमेवर कोरडी. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला याच गुणाचं, जखम भरून काढण्याचं, पेटंट अमेरिकेने मार्च १९९५मध्ये दिलं होतं. त्याला आव्हान दिलं ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने; तेव्हा तिचे महासंचालक होते मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. जुन्या संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातल्या १९५३च्या लेखासारखे ३२ संदर्भ पुढे ठेवले गेले आणि १९९७मध्ये पेटंट रद्द ठरलं. कोणत्याही आजीला जे ठाऊक होतं ते तिथे कागदावर दाखवावं लागलं, तेव्हा मान्य झालं. हळदीची दुसरी बाजू शेजारच्या बांगलादेशातून आली. तिथे २०१९मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत पिवळेपणासाठी घातलेलं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग सापडलं. सरकारने बडगा उगारल्यावर दोन वर्षांत ते प्रमाण शून्यावर आलं. परदेशात सुट्या हळदीकडे संशयाने पाहिलं जाऊ शकतं. घरच्या शेतातली, घरी दळलेली हळद असेल तर काळजी नाही, पण पिशवीवर ती काय आहे हे इंग्रजीत लिहिलेलं बरं.

सामान एकाच दिशेने जात नाही, हे मात्र विसरलं जातं. सहा महिन्यांनी आईवडील परततात तेव्हा बॅगेत चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या डब्या आणि टायलेनॉलची पाचशे गोळ्यांची बाटली असते. मुलाने स्वस्तात मिळाली म्हणून दिलेली. ती बाटली फळीवर, देवाच्या फोटोशेजारी बसते आणि ‘अमेरिकेची गोळी’ म्हणून तिचं नाव होतं. शेजारणीचं डोकं दुखलं, एक अमेरिकेची. चुलत्याला कणकण, दोन अमेरिकेच्या. त्याच चुलत्याने तासाभरापूर्वी मेडिकलवरून आणलेली ६५०ची गोळी घेतलेली असते. दोन्हींत एकच पॅरासिटामॉल आहे हे घरात कुणाला माहीत नसतं. प्रौढ माणसाने दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, त्यापुढे यकृताला इजा होते, असं बाटलीवर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं. वर्षभराने बाटली रिकामी होते. चांगली झाकणाची बाटली कुणी टाकत नाही. धुऊन, वाळवून तिच्यात ओवा भरून ठेवतात. पुढच्या खेपेला निघताना सुनेसाठी म्हणून तो ओवा बाटलीसकट बॅगेत जातो.